आरशासारखं पाणी, तरी तपासा!

ताईंनो, बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी आरशासारखं आहे, तपासायचं कशाला?" पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

पावसाआधी शहापूर-मुरबाडकडे काजवे चमकतात ना? तो उजेड ल्युसिफरेज नावाच्या प्रथिनामुळे पडतो. शास्त्रज्ञांनी त्यात बदल करून ते जास्त टिकाऊ केलं. अन्नाच्या कारखान्यांत ओटा पुसलेल्या बोळ्याला ते लावतात. जंतू किंवा खरकटं राहिलं असेल तर उजेड पडतो, यंत्र तो मोजतं.

आपल्यासाठी सोपी आहे एच-टू-एस बाटली. ही पद्धत भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवतात.

१. खुणेपर्यंत पाणी भरा. आत बोट घालू नका.
२. झाकण लावून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा.
३. पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. जंतूंनी सोडलेला वायू बाटलीतल्या लोहाशी मिळून काळा रंग येतो.

काळं पडलं तर पाणी उकळूनच प्या. जलसुरक्षकाला सांगून टीसीएल टाकून घ्या, मग पुन्हा तपासा.

पहिल्या पावसाआधी तुमच्या गटातून कोण तपासणार? नाव आजच वहीत लिहा!