कोड सांगतो त्रास, कारण शोधायचं ते मेकॅनिकनं

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, पडद्यावर कोड येतो आणि लगेच निकाल लागतो, 'सेन्सर गेला'. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सगळीकडे हाच शिरस्ता. धडधाकट सेन्सर बदलण्याचे पैसे पदरचे गेले आणि तोच दिवा पुन्हा पेटला, तेव्हा मी या विषयाच्या मुळाशी गेलो. बीएस-४ प्रदूषण नियम १ एप्रिल २०१७ला देशभर आले आणि बीएस-६ १ एप्रिल २०२०ला, म्हणजे आमच्या हिंगोलीच्या एमएच-३८ पासिंगच्या अलीकडच्या कुठल्याही पेट्रोल कारमध्ये दोषाचा कोड नोंदवणारी ही यंत्रणा असणारच. तिच्या नावाखाली ग्राहकाला लुटणं सोपं झालं आहे, कारण तिचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही.

पी ०१७१ हाच कोड घ्या. त्याचा अर्थ इतकाच, की इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त आहे. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेल्या धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. नेहमीच्या प्रकारात त्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हलतं आणि ते खालीच राहिलं, तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत जातो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की कोड नोंदला जातो. म्हणजे बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सर आपलं काम चोख करत असतो, आणि गॅरेजमध्ये बळी त्याचाच जातो! खरा दोष चिरलेल्या होस पाइपात, तुंबलेल्या पेट्रोल फिल्टरमध्ये किंवा दमलेल्या पेट्रोल पंपात असू शकतो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम खूप आणि अडीच हजार आरपीएमला उतरली, तर संशय हवेच्या गळतीवर घ्यावा. उलट लोड वाढेल तशी ट्रिम चढली, तर पेट्रोलचा पुरवठा बघावा. हे बघायला दोन मिनिटं लागतात, तरी बघत नाहीत, याचा राग अजून जात नाही.

'कॉम्प्युटर खोटं बोलतो का?' असं गॅरेजवाले छातीठोकपणे विचारतात. नाही बोलत. उलट तो कोडच्या जोडीला बरंच काही सांगतो, ते वाचायची तसदी कुणी घेत नाही. कोड नोंदला गेला त्या क्षणाचा आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान आणि लोड तो साठवून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बरेच दोष पहिल्या फेरीत कच्चे नोंदले जातात, पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तरच दिवा लागतो. अकोला–नांदेड महामार्गावर चढाला लागलेला दिवा आणि सकाळी थंड इंजिनला लागलेला दिवा, यांचा तपास सारखा कसा होईल? आखाड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदरानं कुरतडली, तरी कोड सेन्सरच्याच नावानं येतो. म्हणून आधी कपलर आणि वायरिंग बघायला लावा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र वाद घालू नका. इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. वेग कमी करा, शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा.

तपासाला वेळ जातो, त्याचे पैसे कोण देणार, ही मेकॅनिकची तक्रार मात्र रास्त आहे. तपासणीची मजुरी वेगळी द्यायला आपण का कू करतो, मग तो पार्ट विकूनच पोट भरणार. मजुरी आधी ठरवा, कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, आणि मगच पार्टला हो म्हणा. बिल घ्याच. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. 'दिवा घालवून देतो' म्हणणाऱ्याला तर उभंही करू नका, कारण कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते आणि पुढच्याला माग काढणं अवघड होतं. जुनी गाडी घेतानाही स्कॅनरवर दोन गोष्टी बघा: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि स्वतःच्या चाचण्या तिनं पूर्ण केल्यात का. चाचण्या अपुऱ्या आणि किलोमीटर मोजकेच असतील, तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढून जोडली आहे. अशा वेळी गाडी थोडे दिवस चालवून पुन्हा स्कॅन केल्याशिवाय इसार देऊ नका.