धाव आणि विसावा

व्यायामाविषयी आपल्याकडे दोन समजुती दृढमूल झालेल्या आहेत. पहिली अशी की, व्यायाम हा पहिलवानांचा व खेळाडूंचा विषय आहे. इतरांनी त्याच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. दुसरी अशी की, व्यायाम करावयाचा तर तासन्‌तास घाम गाळला पाहिजे. तेवढा वेळ नसेल तर तो न केलेलाच बरा. या दोन समजुतींमुळे किती विद्यार्थी मैदानाला पारखे होतात, हे आम्ही प्रतिवर्षी पाहतो. आठवीपर्यंत मनसोक्त हुंदडणारा मुलगा दहावीच्या वर्गात गेला की ‘वेळ नाही’ म्हणून घरी बसतो. मुली तर त्याच्याही आधी, कोणी न सांगता, मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहतात. आणि प्रत्येक वर्गात एखादा तरी विद्यार्थी असा असतो की, जो कधी तरी धावताना मागे पडला, चार जण त्याला हसले, आणि त्या दिवसापासून ‘मला दम लागतो’ हेच त्याने स्वतःचे कायमचे वर्णन ठरवून टाकले. प्रस्तुत लेख मुख्यतः अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. आम्ही भाषेचे शिक्षक आहोत, व्यायामशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु जे समजले ते सोपे करून सांगणे हाच शिक्षकाचा धर्म होय.

हा प्रकार काय आहे?

ज्या व्यायामपद्धतीचे नाव आज जगभर ऐकू येते, तिला ‘हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग’ किंवा थोडक्यात ‘हिट’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. थोडा वेळ जोराने श्रम करावयाचे, मग थोडा वेळ विसावा घ्यावयाचा, पुन्हा श्रम, पुन्हा विसावा. नाटकात दोन अंकांच्या मध्ये जे असते त्याला आपण मध्यंतर म्हणतो. तद्वत या व्यायामात दर मिनिटा-दीड मिनिटाला एक मध्यंतर असते. आमच्या कोंकणी बोलीत विश्रांतीला ‘विसव’ म्हणतात. मराठीतील ‘विसावा’ हा त्याचा सख्खा भाऊ. या पद्धतीचे मर्म धावण्याइतकेच त्या विसाव्यात आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

देवासकरांना हे समजावयास फार दूर जावे लागणार नाही. 1948 साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत या एका गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने शेजारी शेजारी नांदत होती. राजधानी एक, वाटे दोन. धाव आणि विसावा यांचेही तसेच आहे. मात्र नवशिक्याच्या व्यायामात थोरली पाती विसाव्याची असावी आणि धाकटी धावेची. पुढे अंगात बळ आले म्हणजे दोघींचे वाटे समसमान करता येतात.

पूर्वेतिहास

ही पद्धत अगदी कालची आहे असे मात्र नाही. 1930 च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक हर्बर्ट राइंडेल या हृदयतज्ज्ञांच्या साहाय्याने धावपटूंना अशा रीतीने शिकवीत. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 साली मिलान येथे 800 मीटरचे अंतर 1 मिनिट 46.6 सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला. याच हार्बिगने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सांघिक शर्यतीत कांस्यपदक मिळविले होते. आणि त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती.

पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ही पद्धत पराकोटीस नेली. 400 मीटर वेगाने धावावे, मग 200 मीटर हलके पळावे, असे तो वीस-वीस, पुढे चाळीस-चाळीस वेळा करीत असे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यातील मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते याच हेलसिंकीत.

परंतु विद्यार्थ्यांनी विशेष मनन करावे असे उदाहरण रॉजर बॅनिस्टरचे आहे. हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. रुग्णालयातील कामामुळे त्याला सरावासाठी फारच थोडा वेळ मिळे. त्या वेळात तो 440 यार्डांच्या दहा धावा काढी आणि प्रत्येक दोन धावांच्या मध्ये दोन मिनिटे विसावा घेई. एका धावेस आरंभी 66 सेकंद लागत, ते कमी होत होत 61 वर आले आणि तेथेच अडकले. काही केल्या पुढे पाऊल पडेना. तेव्हा त्याने काय करावे? धावणे सोडून तो थोडे दिवस स्कॉटलंडात डोंगर चढावयास गेला. परत येऊन पाहतो तो वेळ 59 सेकंद झालेली! 6 मे 1954 रोजी त्याने एक मैलाचे अंतर 3 मिनिटे 59.4 सेकंदांत पार केले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला मनुष्य होय. ‘वेळ नाही’ आणि ‘विश्रांती म्हणजे आळस’ या दोन्ही आक्षेपांना हे एकच उत्तर पुरेसे आहे.

1996 साली जपानी संशोधक इझुमी ताबाता व त्यांचे सहकारी यांनी 20 सेकंद पराकाष्ठेचे श्रम व 10 सेकंद विसावा, अशी सात-आठ आवर्तने देऊन प्रयोग केला. सहा आठवड्यांनंतर, तासभर मध्यम गतीने सायकल चालविणाऱ्या गटाइतकीच, किंबहुना किंचित अधिक, श्वसनशक्ती या गटात वाढलेली आढळली. शिवाय अल्पकाळ तीव्र श्रम करण्याची शक्तीही सुमारे 28 टक्क्यांनी वाढली. मात्र हे प्रयोगातील तरुण शारीरिक शिक्षणाचे कसलेले विद्यार्थी होते. नवशिक्यांनी त्यांचे अनुकरण करू नये. सांप्रत ‘चार मिनिटांचा व्यायाम’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात ही गोष्ट बहुधा वगळलेली असते.

आपले देशी खेळही मुळात याच जातीचे आहेत. कबड्डीत एका चढाईस 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात सर्व बळ खर्चून खेळाडू परत फिरतो आणि पुढच्या पाळीपर्यंत दम घेतो. खो-खोत बसलेला गडी क्षणात उठून विजेसारखा धावतो आणि ‘खो’ देऊन पुन्हा बसतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद पटकावले. ज्या शाळेत खो-खोचे दोन खांब रोवलेले आहेत, तिला या व्यायामासाठी दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज नाही.

शरीरात काय घडते?

स्नायूंत तत्काळ वापरता येईल अशी शक्ती फारच थोडी, म्हणजे सुमारे दहा सेकंदांच्या पराकाष्ठेच्या श्रमाला पुरेल इतकीच, साठविलेली असते. ती सरली की स्नायू साखरेचे विघटन करून काम चालवितात. त्यातच पाय जड होतात व धाप लागते. दीर्घकाळ पुरणारी शक्ती मात्र प्राणवायूच्या साहाय्याने मिळते आणि तो पोहोचविण्याचे काम फुप्फुसे, हृदय व रक्त करतात. विसाव्यात ही रिकामी झालेली कोठी पुन्हा भरू लागते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती जवळजवळ निम्मी भरते. पूर्ण भरावयास तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणजे विसावा घेतल्यामुळेच पुढची धाव पुन्हा जोमाने काढता येते. सलग धावणाऱ्याला इतका वेळ इतक्या वेगाने धावणे शक्यच नसते. हृदयाला वारंवार असे काम पडत गेले की ते एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. दम लागणे हा दोष नसून शरीराने केलेली मागणी आहे, आणि ती मागणी भागविण्याचे सामर्थ्य सरावाने वाढते. हे ज्याला उमगले, त्याची निम्मी भीती गेली.

प्रारंभ कसा करावा?

पहिले दोन आठवडे धावूच नये, चालावे. जपानमधील मात्सुमोतो येथे हिरोशी नोसे यांनी वयस्क माणसांसाठी एक साधी रीत बसविली आहे: तीन मिनिटे भरभर चालणे, तीन मिनिटे सावकाश चालणे, अशी पाच आवर्तने. अर्ध्या तासाचे हे काम आठवड्यातून चार दिवस करावे. सोबत आईवडिलांना किंवा आजोबांना घेतल्यास दुहेरी लाभ होईल. धारच्या मुलांना मुंज तलावाचा परिसर यासाठी उत्तम.

तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात 15 सेकंद धावावे व 45 सेकंद चालावे. अशी सहा आवर्तने, म्हणजे एकूण सहाच मिनिटे. धावताना सर्व बळ लावू नये. चार आण्यांची शक्ती हाती राखून ठेवावी.

पाचव्या व सहाव्या आठवड्यात 20 सेकंद धाव व 40 सेकंद चाल, अशी आठ आवर्तने करावीत.

सातव्या व आठव्या आठवड्यात 30 सेकंद धाव व 60 सेकंद चाल, अशी आठ आवर्तने, म्हणजे बारा मिनिटे.

धावण्याचे दिवस आठवड्यातून दोन, फार तर तीन असावेत आणि दोहोंमध्ये निदान एक दिवस मोकळा असावा. मोकळ्या दिवशी खेळावे, चालावे, सायकल चालवावी. प्रत्येक वेळी आरंभी पाच-सात मिनिटे हलके चालून व सांधे फिरवून अंग मोकळे करावे. शेवटी एकदम खाली बसू नये, पाच मिनिटे सावकाश चालत राहावे.

घड्याळ नसल्यास विजेचे खांब मोजावेत: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धाव, पुढचे तीन खांब चाल. देवासच्या टेकडीच्या पायऱ्यांवरही हे साधते. थोड्या पायऱ्या भरभर चढाव्यात, मग मोकळ्या जागी थांबून श्वास स्थिर होऊ द्यावा. उतरताना मात्र धावू नये आणि नवरात्रातील गर्दीत हा उद्योग करू नये. ज्यांना बाहेर जाणे शक्य नाही, त्यांनी घरीच सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी ज्या व्यायामाचा हयातभर प्रसार केला, त्याचेच अर्धा मिनिट जलद व एक मिनिट संथ असे वाटे पाडले की काम झाले.

श्रम योग्य झाले की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. धाव संपताना एक-दोन शब्दच बोलता यावेत. विसावा संपताना आपले पूर्ण नाव, वर्ग व शाळेचे नाव एका दमात सांगता यावे. ते सांगता येत नसेल, तर पुढची धाव काढू नये. नाडी पाहता येत असेल तर गेर्शलरांचा दंडक वापरावा: नाडी मिनिटास 120 वर, म्हणजे दहा सेकंदांत वीस ठोक्यांवर, आल्यावाचून पुन्हा धावावयाचे नाही; आणि त्यासाठी दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर धाव आपल्या शक्तीबाहेरची झाली असे समजावे.

सावधगिरी

दमा, हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तक्षय असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रारंभ करू नये. ताप, खोकला असताना तर मुळीच धावू नये. छातीत दुखणे, घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे व मोठ्या माणसांस सांगावे; लपवू नये. आजारातून उठलेल्याने विशेष धीर धरावा. 1948 साली क्षयाच्या व्याधीमुळे देवासला येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांना काही वर्षे गाणेच बंद ठेवावे लागले होते. शरीराने मागितलेला वेळ त्यांनी दिला, आणि त्यानंतरचे त्यांचे गाणे सर्व देशाने ऐकले.

जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्यापूर्वीच व्यायाम उरकावा व पाणी पीत जावे. माळव्यातील काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर घोटा मुरगळण्यास क्षणही पुरतो. म्हणून जागा आधी चालून पाहावी. जे तरुण सैन्यभरतीच्या धावेची तयारी करतात, त्यांनी तर चार दिवसांवर परीक्षा आली असता एकदम सर्व बळाने धावू लागण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अति तेथे माती, ही म्हण व्यायामालाही लागू आहे.

मैदानावरील इतरांसाठीही एक नियम आहे. मागे पडलेल्यास हसू नये. या व्यायामात स्पर्धा दुसऱ्याशी नसतेच. प्रत्येकाने एक लहानशी वही करावी. तीत तारीख, आवर्तने आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी लिहावी. आठ आठवड्यांनी पहिले पान व शेवटचे पान शेजारी ठेवून पाहावे. ज्याने पहिल्या पानावर ‘सहा आवर्तने, फार दम लागला’ असे लिहिले, तोच शेवटच्या पानावर ‘आठ आवर्तने, बोलता येत होते’ असे लिहील, असा आमचा विश्वास आहे. वहीतील तेवढ्या दोन ओळी, विद्यार्थी मित्रहो, कोणत्याही पदकापेक्षा आम्हांस कमी मोलाच्या वाटत नाहीत.