नटाचा लौकिक आणि रंगमंच-व्यवस्थापकाची मर्यादा

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात नट हा मंडळीचा पगारी घटक असे. ‘ललितकलादर्श’ (१९०८) किंवा ‘गंधर्व नाटक मंडळी’ (१९१३) यांसारख्या संस्थांत बिऱ्हाड आणि प्रवास सामाईक असल्यामुळे नटाचे गुणदोष बव्हंशी मंडळीच्या आतच तोलले जात. पुढे कंत्राटी पद्धत रूढ झाली आणि नट प्रयोगागणिक ‘नाइट’ घेऊ लागला. साहजिकच त्याचे पुढचे काम त्याच्याविषयी काय बोलले जाते यावर अधिकाधिक अवलंबून राहिले. रंगमंच-व्यवस्थापकाच्या शब्दाला वजन आले ते या परिस्थितीमुळे.

तिसऱ्या घंटेपूर्वी कोण पोहोचले नाही, कोणाची एंट्री चुकली, कोणाची प्रकृती बिघडली, हे त्याला पदामुळे कळते. हे ज्ञान म्हणजे त्याच्याकडे सोपविलेली ठेव होय. त्यामुळे दुसऱ्या निर्मात्याने एखाद्या नटाविषयी विचारणा केल्यास नोंद, मत आणि प्रवाद यांत भेद करणे अगत्याचे ठरते. ‘दहा प्रयोगांपैकी तीन प्रयोगांना तो उशिरा आला’ ही नोंद; ‘तो बेजबाबदार आहे’ हे मत; ‘तो पितो म्हणतात’ हा प्रवाद. कामाशी संबंधित नोंद सांगता येते. मत विचारले गेले तरच, आणि मत म्हणूनच, मांडावे. प्रवाद मात्र पुढे नेऊ नये. प्रकृतीची माहिती नटाच्या संमतीवाचून सांगू नये.

तथापि संयम म्हणजे सरसकट मौन नव्हे. एखाद्या अभिनेत्रीने छळाची तक्रार सांगितली, तर ती ‘नाटकातील गोष्ट’ म्हणून दडपणे हा कर्तव्यभंगच होय. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत मनोरंजनक्षेत्रही येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. याच अधिनियमाचे कलम १६ तक्रारीचा तपशील आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. म्हणजे तक्रारदार स्त्रीला योग्य समितीपर्यंत पोहोचण्यास साहाय्य करणे आणि त्याविषयी नाट्यगृहाच्या कट्ट्यावर न बोलणे, ही दोन्ही एकाच कर्तव्याची अंगे आहेत.

नाट्येतिहासाच्या अभ्यासकालाही हा विवेक उपयोगी पडेल. गणपतराव बोडस यांच्या ‘माझी भूमिका’सारखी आत्मचरित्रे किंवा पडद्यामागील कलावंतांच्या मुलाखती साधन म्हणून वापरताना प्रत्यक्ष पाहिलेले, वाटलेले आणि ऐकलेले यांची प्रतवारी करावी लागते. ती न केल्यास विंगेतील कुजबुज संशोधनाच्या नावाखाली इतिहासात स्थिरावते. आणि दिवंगत नटाला तिचा प्रतिवाद करण्याची संधी उरत नाही.