घटक ५ : स्मार्टफोनचा संगणक म्हणून वापर आणि मराठी लेखन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
● स्मार्टफोनला पडदा, कळफलक व माउस जोडून त्याचा संगणकासारखा वापर कसा करता येतो, हे स्पष्ट करता येईल.
● ‘प्रतिबिंबन’ आणि ‘डेस्कटॉप पद्धती’ यांतील भेद सांगता येईल.
● आपल्या फोनची क्षमता तपासून योग्य साहित्याची निवड करता येईल.
● मराठी मजकूर यूनिकोडमध्ये अचूक लिहिणे, तपासणे व जतन करणे शक्य होईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, या घटकाचे शीर्षक वाचून मराठीच्या अभ्यासक्रमात यंत्राचा विषय कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर एका अनुभवातून देतो.

काही वर्षांपूर्वी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम करीत असताना एका विद्यार्थिनीचा प्रकल्प अहवाल माझ्यासमोर आला. ती अंगणवाडी सेविका होती. आपल्या गावच्या बोलीतील शेतीविषयक शब्द आणि वाक्ये तिने वृद्ध स्त्रियांकडून ऐकून वहीत उतरवली होती. वही उत्तम होती. अहवालाचे टंकलेखन मात्र एका दुकानातून करून घेतले होते आणि टंकलेखकाने चांगल्या हेतूने तिची ‘शुद्धी’ केली होती. ‘पानी’ चे ‘पाणी’ झाले होते, ‘आमाला’ चे ‘आम्हाला’ आणि ‘व्हता’ चे ‘होता’. ज्या बोलीच्या अभ्यासासाठी प्रकल्प होता, ती बोलीच छापील प्रतीतून पुसली गेली होती. ‘ण’ च्या जागी ‘न’ येणे हे त्या बोलीचे महत्त्वाचे ध्वनिवैशिष्ट्य. त्याचा एकही पुरावा अहवालात उरला नव्हता. सादरीकरणाला दोन दिवस उरले होते. ती म्हणाली, “सर, मी रोज फोनवर मराठीत लिहिते. हेही मला फोनवर लिहिता आलं असतं का?”

तेव्हा मी तिला समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर या घटकात दिले आहे. आपला मजकूर आपल्या हाताने लिहिता व दुरुस्त करता येणे ही अभ्यासकाची मूलभूत गरज आहे. प्रत्येकाकडे संगणक नसतो. पण बहुतेकांच्या खिशात फोन असतो.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ लहान पडद्याची अडचण

फोन हा आतून संगणकच आहे. त्यात प्रक्रियक, स्मृती, साठवण आणि कार्यप्रणाली हे सर्व घटक असतात. उणीव असते ती बाह्य अंगांची. पडदा हाताच्या तळव्याएवढा आणि कळफलक त्याच पडद्याचा अर्धा भाग व्यापणारा असतो. परिणामी लिहिताना मजकुराच्या जेमतेम सात-आठ ओळी दिसतात.

ही अडचण केवळ डोळ्यांची नाही. संहितेची सुसंगती वाक्यावाक्यांतील संबंधांवर उभी असते, हे तुम्ही भाषाविज्ञानाच्या घटकात अभ्यासले आहे. ‘हा’, ‘तो’, ‘वरील’, ‘म्हणून’, ‘तथापि’ हे शब्द आधीच्या मजकुराकडे निर्देश करतात. तो मजकूरच नजरेआड असेल, तर लेखकाला पुनरुक्ती जाणवत नाही, ‘म्हणून’ च्या आधी कारण आले आहे की नाही हे दिसत नाही आणि परिच्छेद सुट्या वाक्यांचा ढीग होतो. संदेश लिहिण्यास लहान पडदा पुरतो. प्रबंधात्मक लेखनाला पूर्ण परिच्छेद एकाच वेळी दिसावा लागतो.

५.२.२ पूर्वपीठिका

फोनलाच संगणक बनवण्याचे प्रयत्न जुने आहेत. २०११ मध्ये मोटोरोलाने ‘ॲट्रिक्स’ हा फोन आणला. पडदा व कळफलक असलेल्या एका सांगाड्याला तो जोडला की लॅपटॉपसारखे काम करता येई. २०१३ मध्ये ‘उबुंटू एज’ या फोनसाठी लोकवर्गणीतून ३.२ कोटी डॉलर उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. तेवढी रक्कम न जमल्याने तो फोन तयार झाला नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ल्युमिया ९५०’ या फोनबरोबर ‘कंटिन्यूअम’ ही सुविधा दिली. परंतु संगणकावरील नेहमीच्या विंडोज आज्ञावल्या तिच्यावर चालत नसत. २०१७ मध्ये सॅमसंगने ‘गॅलॅक्सी एस८’ बरोबर ‘डेक्स’ आणले. आरंभी त्यासाठी स्वतंत्र बैठक घ्यावी लागे. २०१८ च्या ‘नोट ९’ पासून योग्य केबल वा ॲडाप्टर पुरेसा ठरला. मोटोरोलानेही २०२१ मध्ये ‘रेडी फॉर’ या नावाने अशीच सुविधा दिली.

आरंभीच्या प्रयोगांत फोनचे प्रक्रियक दुबळे होते आणि मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली ॲप नव्हती. आता या दोन्ही बाबी बऱ्याच सुधारल्या आहेत.

५.२.३ प्रतिबिंबन आणि डेस्कटॉप पद्धती

मोठ्या पडद्यावर फोन दोन प्रकारे दिसू शकतो.

(अ) प्रतिबिंबन : फोनवर जे दिसते तेच, तसेच, मोठ्या पडद्यावर दिसते. फोन उभा असेल तर मध्ये उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळी जागा राहते. फोन आडवा केल्यास पडदा अधिक भरतो.

(आ) डेस्कटॉप पद्धती : मोठ्या पडद्यावर स्वतंत्र मांडणी येते. खाली पट्टी असते, ॲप खिडक्यांत उघडतात, त्या शेजारी-शेजारी ठेवता येतात. एका खिडकीत संदर्भग्रंथाची प्रत आणि दुसरीत आपला लेख, असे काम याच पद्धतीत सोयीचे होते.

तुमच्या फोनमध्ये दुसरी सुविधा नसली, तरी निराश होऊ नका. आडव्या फोनचे प्रतिबिंबन आणि खरा कळफलक यांवरही अहवाल लिहिता येतो. अशा वेळी एका वेळी एकच ॲप वापरावे आणि टिपणे कागदावर ठेवावीत.

५.२.४ जोडणीचे मार्ग

१. तारेने : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यूएसबी टाइप-सी’ या मानकातील खाच उलटसुलट कशीही बसते; तिच्यात २४ संपर्कबिंदू असतात. तिच्यातून वीज, माहिती आणि चित्र अशा तिन्ही गोष्टी जाऊ शकतात. ‘शकतात’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खाचेचा आकार सारखा असला, तरी आतील सोय सारखी नसते. चित्र बाहेर पाठवण्यासाठी फोनमध्ये सहसा ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असावा लागतो. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये फक्त ‘यूएसबी २.०’ असते, त्यांना एचडीएमआय ॲडाप्टर लावूनही पडदा काळाच राहतो. म्हणून ॲडाप्टर विकत घेण्यापूर्वी फोनच्या तपशीलपत्रात ही सोय नमूद आहे का, ते अवश्य पाहा.

२. बिनतारी : अनेक स्मार्ट टीव्ही फोनचे चित्र वाय-फायवरून स्वीकारतात. फोनच्या सेटिंगमध्ये ही सुविधा ‘कास्ट’ किंवा ‘स्क्रीन शेअर’ अशा नावाने आढळते. यासाठी केबल लागत नाही. मात्र टंकलेले अक्षर पडद्यावर क्षणभर उशिरा उमटते. वाचन व तपासणी यांसाठी हा मार्ग चांगला, दीर्घ टंकलेखनासाठी त्रासदायक.

३. पडद्याविना : फोन टेकूवर उभा करून त्याला फक्त कळफलक व माउस जोडणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग. ब्लूटूथ कळफलक थेट जोडता येतो. तारेचा कळफलक ‘ओटीजी’ ॲडाप्टरने जोडता येतो. पडद्यावरील कळफलक नाहीसा झाल्याने दिसणाऱ्या ओळी जवळजवळ दुप्पट होतात.

तारेच्या मार्गात फोनची एकमेव खाच व्यापली जाते आणि बॅटरी उतरू लागते. म्हणून चार्जर लावण्याची सोय असलेला हब घ्यावा. त्यात एचडीएमआय, दोन यूएसबी खाचा आणि वीज आत घेणारी टाइप-सी खाच असावी. नवा मॉनिटर घेण्याची गरज नाही. घरातील एचडीएमआय खाच असलेला टीव्ही चालतो. काम करताना फोनचे कव्हर काढून ठेवावे, म्हणजे तो कमी तापतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
चूक की बरोबर ते सांगा.
(१) टाइप-सी खाच असलेला प्रत्येक फोन तारेने टीव्हीला चित्र पाठवू शकतो.
(२) प्रतिबिंबनात फोनवरील दृश्यच मोठ्या पडद्यावर दिसते.
(३) कळफलक जोडण्यासाठी मोठा पडदा असणे आवश्यक आहे.

५.२.५ मराठी टंकलेखन

कळफलक जोडल्यावर तो आरंभी इंग्रजी अक्षरेच उमटवतो. सेटिंगमधील ‘भौतिक कळफलक’ या विभागात मांडण्यांची यादी असते. तीत मराठी आहे का ते पाहा. नसल्यास त्याच विभागात पडद्यावरील कळफलक दिसत ठेवण्याचा पर्याय असतो. मग मजकूर बोलून किंवा पडद्यावरील कळफलकाने घालावा आणि खऱ्या कळफलकाचा उपयोग दुरुस्तीसाठी करावा. बाणाच्या कळांनी नेमक्या अक्षरावर जाणे, शिफ्ट धरून वाक्य निवडणे, कंट्रोल व एक्स यांनी ते उचलणे आणि कंट्रोल व व्ही यांनी दुसरीकडे ठेवणे, ही कामे बोटाने करताना जेवढा वेळ जातो, त्याच्या अल्पांशात कळांनी होतात.

मराठी मांडणी उपलब्ध असल्यास ‘इनस्क्रिप्ट’ शिकावी. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात तिचा समावेश आहे. तिची रचना वर्णमालेला धरून आहे : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ‘के’ या कळीवर ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’. जुन्या टंकयंत्रावर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी उमटवावी लागे, कारण तेथे दृश्य आकाराचा क्रम पाळला जाई. यूनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो : आधी ‘क’, मग वेलांटी.

पुढील दोन बाबींकडे विशेष लक्ष द्या.

(अ) ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ : ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. येथे अर्थभेद केवळ ‘र’ च्या रूपावर अवलंबून आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर ‘डी’ या कळीवरील हलन्त चिन्ह आणि मग ‘य’ दिला की ‘ऱ्य’ तयार होतो.

(आ) ‘ॲ’ : हे अक्षर यूनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून आहे, ‘अ’ ला चंद्र जोडूनही तसाच आकार उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. एकाच लेखात दोन्ही वापरल्यास शब्द शोधताना काही जागा सुटतात. स्वतंत्र चिन्हच सर्वत्र वापरावे.

यूनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेला मजकूर फोनवर उघडला असता निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात, कारण त्या फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. म्हणून दुकानातून टंकून घ्यावेच लागले, तर यूनिकोडचा आग्रह धरा. तो मजकूर घरी आणून फोनवर स्वतः दुरुस्त करता येतो. वरील विद्यार्थिनीच्या हाती अशी फाइल असती, तर दोन दिवसांत तिने आपली बोली परत मिळवली असती.

आणखी एक दक्षता बोलीच्या अभ्यासकांनी घ्यावी. फोनमधील आपोआप दुरुस्तीची सोय त्या टंकलेखकाप्रमाणेच वागू शकते. ‘पानी’ लिहिताच ती ‘पाणी’ सुचवते, कधी परस्पर बदलतेही. बोलीची उदाहरणे लिहिण्यापूर्वी ती बंद करावी. बोलून लिहितानाही यंत्र प्रमाण रूपाकडेच झुकते; बोलीतील वाक्ये कळफलकानेच लिहावीत.

५.२.६ जतन आणि सादरीकरण

गूगल डॉक्ससारख्या ॲपमध्ये फाइल ‘ऑफलाइन’ उपलब्ध ठेवल्यास इंटरनेट नसतानाही लिहिता येते. मात्र इंटरनेट नसताना केलेले लेखन पुन्हा जोडणी होईपर्यंत फक्त फोनमध्येच असते; तोवर फोन हरवला तर ते लेखनही हरवते. आठवड्यातून एकदा तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. हबची खाच त्यासाठीही उपयोगी पडते. छपाईसाठी पीडीएफ प्रत न्यावी, म्हणजे दुकानातील संगणकावर फाँट वेगळे असले तरी अक्षरे बदलत नाहीत. मुद्रणापूर्वी संपूर्ण अहवाल एकदा मोठ्या पडद्यावर मोठ्याने वाचावा.

५.२.७ मर्यादा

पृष्ठरचना, तळटीपा, लांबलचक तक्ते आणि अनुक्रमणिका यांसाठी फोनवरील ॲप अपुरी पडतात. ती कामे शेवटच्या टप्प्यात अभ्यासकेंद्रावरील वा परिचितांच्या संगणकावर करावीत. लेखन आणि पृष्ठसजावट ही दोन भिन्न कामे आहेत. दुसरे इतरांवर सोपवता येते. पहिले सोपवू नये.

५.३ सारांश

स्मार्टफोनला कळफलक, माउस आणि शक्य असल्यास पडदा जोडून त्याचा संगणकासारखा उपयोग करता येतो. तारेने चित्र पाठवण्याची क्षमता प्रत्येक फोनमध्ये नसते; ती आधी तपासावी. मराठी मजकूर यूनिकोडमध्येच लिहावा, ‘ऱ्य’ व ‘ॲ’ यांबाबत दक्ष राहावे आणि बोलीचे लेखन करताना आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. आपल्या शब्दांवर आपलाच ताबा राहावा, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

प्रतिबिंबन : फोनवरील दृश्य जसेच्या तसे दुसऱ्या पडद्यावर दाखवणे.
हब : फोनच्या एका खाचेतून अनेक साधने जोडण्याचे उपकरण.
ओटीजी : फोनला कळफलक, माउस, पेन ड्राइव्ह अशी साधने जोडू देणारी यूएसबीची सोय.
इनस्क्रिप्ट : भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळफलक-मांडणी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) चूक (२) बरोबर (३) चूक

५.६ स्वाध्याय

१. लहान पडद्याचा संहितेच्या सुसंगतीवर होणारा परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.
२. फोनच्या जोडणीच्या तीन मार्गांची तुलना करा.

उपक्रम : घरातील वा शेजारील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तुमच्या बोलीतील दहा वाक्ये ऐका. ती फोनवर, जसा उच्चार तशी, लिहा. नंतर ती त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि ती “असंच म्हणतो आम्ही” असे म्हणेपर्यंत दुरुस्त करा.