धोट्याचा धागा आणि आडनाव

धामणगाव बढे येथील तरुण बारावी करतो, आयटीआय करतो आणि कामासाठी मलकापूर गाठून मुंबई, सुरतेची गाडी धरतो. शिका म्हणजे नोकरी मिळेल, असे आपण त्याला सांगत आलो. परंतु अंगी कसब असूनही दार का उघडत नाही, याचाही अभ्यास समाजबांधवांनी केला पाहिजे.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेच उदाहरण घ्या. तेथे अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या रिंग खात्यात काम मिळे. जास्त पगाराचे विणाई खाते मात्र त्यांना बंद होते. कारण काय? कांडी बदलताना विणकर धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा दुसऱ्याच्या ओठी लागणार, म्हणून विटाळ! आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे तर कित्येक महार कुटुंबे घरच्या मागावर जाडेभरडे कापड विणीत असत. ही बंदी कोणत्या कायद्याची नव्हती, शेजारी उभ्या असलेल्या सवर्ण कामगारांची होती. शिवाय भरती जॉबरच्या हाती, आणि जॉबर आपल्याच नात्यागोत्यातली, गावची माणसे लावी. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 8⅓ टक्के जागा राखीव झाल्या. 1946 मध्ये त्या 12½ टक्के झाल्या. सरकारी दार असे उघडले. खाजगी कारखान्यापर्यंत मात्र संविधानाचे कलम 16(4) पोहोचत नाही.

तेथे आज धोटा नाही, आडनाव आहे. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले, 4,808 अर्ज पाठवून पाहिले. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढील बोलावणे येण्याचे पारडे सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक-तृतीयांशच भरले. त्याच वर्षी जोधका व न्यूमन यांचा भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. गुणवत्तेचा जप करणारे हे अधिकारी उमेदवाराला घरची पार्श्वभूमी हमखास विचारीत.

जॉबर गेला, ओळख राहिली. मग गावातला कोण कोणत्या कारखान्यात आहे, कोणाच्या हाती कोणते कसब आहे, याची साधी वही मंडळाने ठेवावी. आपल्यातील जो आत गेला, त्याने जागा निघाल्याचे गावी कळवावे. ते तरी आपल्याकडून होते का?