आधी संचय, मग नळ, मग भट्टी

लाकडावर चालणारा बॉयलर घरात बसविण्याचा बेत करणाऱ्याने किंमतपत्रके चाळण्यापूर्वी आपल्या तळघराचे दार किती रुंद आहे हे मोजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण त्या दारातून 2000 लिटर पाण्याची टाकी आत जाते की नाही, यावर पुढील साऱ्या हिवाळ्यांचे सुखदुःख अवलंबून राहते.

अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात आम्ही जे घर घेतले, त्यात अशी टाकी नव्हती. पूर्वीच्या मालकांच्या मक्तेदाराने 40 किलोवॅटचा बॉयलर पाऊण इंची तांब्याच्या नळांनी थेट खोल्यांतील तापनलिकांना जोडून दिला होता. आणि घराची गरज तर भर थंडीतही दहाबारा किलोवॅटांपलीकडे जात नसे. त्यामुळे भट्टीने पेट घेतला न घेतला तोच पाणी 85 अंशांवर जाई, हवेचा पंखा आपोआप थांबे, आणि आतले ओंडके हवेवाचून धुमसत राहत. त्या धुरातला डांबरासारखा चिकट क्रिओसोट धुराड्यात साचे, ज्याने धुराडी पेटून घरे जळतात. आणि इतके सरपण खर्ची पडूनही पहाटे खोल्या गारठलेल्याच असत. पुढे टाकी आणविली, तेव्हा तिच्यासाठी तळघराची भिंत फोडावी लागली.

अग्नीचा स्वभाव भरात जळण्याचा आणि घराची मागणी मंद पण अखंड. सुगी एकदाच येते आणि भूक रोज लागते म्हणून शेतकरी कणगी भरून ठेवतो. ही टाकी म्हणजे उष्णतेची कणगी होय. तिचा हिशेब अवघड नाही. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे 4 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते, म्हणजे 25 किलोंच्या एका भरणीत 100, आणि त्यांतील सुमारे 80 पाण्याच्या पदरी पडतात. हजार लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास 1.16 युनिट लागतात. तेव्हा 2000 लिटर पाणी 50 अंशांवरून 85 वर नेले की संपूर्ण भरणी त्यात सामावते, आणि ताशी 8 युनिट ऊब मागणारे घर भट्टी विझल्यावरही दहा तास निभावते. जर्मनीच्या 2010 च्या नियमावलीत हाताने लाकूड भरावयाच्या नव्या बॉयलरांसाठी सामान्यतः किलोवॅटमागे किमान 55 लिटर संचयाची तरतूद आहे, तिचे मर्म हेच. मात्र 82 अंशांच्या पाण्यासाठी योजलेल्या तापनलिका 60 अंशांखाली फारशी ऊब देत नाहीत. फरशीखालील नळ्यांना 35 ते 40 अंशही पुरतात. म्हणून टाकीचे माप ठरविताना खोलीत ऊब कशातून सुटणार, हे विचारल्यावाचून राहू नये.

नळांचेही तसेच. जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्यात 20 अंशांचा फरक धरला, तर 40 किलोवॅट वाहून नेण्यास मिनिटाला सुमारे 29 लिटर प्रवाह लागतो. 11 अंशांचा धरला, तर 52. पाऊण इंची नळ 15 लिटरांच्या पलीकडे खुशीने वाहत नाही. 29 लिटरांस एक इंची आणि 52 लिटरांस सवा इंची नळ हवा. बॉयलरालगतचे नळ तांब्याचे वा पोलादाचेच असावेत. प्लास्टिकचे नळ तेथील ताप सोसत नाहीत. गरम पाणी टाकीच्या माथ्याशी संथपणे सोडावे व थंड पाणी तळातून काढावे, म्हणजे थर टिकतात; सारे ढवळून कोमट झाले तर उष्णता असूनही उपयोगाची राहत नाही.

परतीचे पाणी 60 अंशांहून थंड असेल तर धुरातील वाफ बॉयलरच्या पोलादावर निथळून पत्रा आतून खाऊन टाकते, यास्तव त्यात गरम पाणी मिसळणारी स्वयंचलित झडप अवश्य बसवावी. खर्च आवरण्यासाठी मक्तेदार प्रथम हीच वगळू पाहतात. तेथे मुळीच मान तुकवू नये. शिवाय 2000 लिटर पाणी 10 अंशांवरून 90 वर गेले की सुमारे 70 लिटरांनी फुगते. त्या मानाने प्रसरणपात्र पुष्कळ मोठे घ्यावे.

विजेचा भरवसा धरू नये. जानेवारी 1998 मधील बर्फाच्या पावसात व्हरमाँटमध्ये कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. पंप थांबला तरी निखारे थांबत नाहीत. म्हणून वीज जाताच आपोआप उघडणारी झडप आणि पाणी स्वतःच्या उष्णतेने वर चढून फिरेल अशी वरच्या मजल्यापर्यंतची वाट नकाशातच दाखवून घ्यावी. काम पुरे झाल्यावर माफक पेटलेल्या भट्टीसमोर मक्तेदाराकरवी वीज बंद करवून ही वाट खरोखर चालते हे डोळ्यांनी पाहावे, आणि त्यानंतरच त्याचा अखेरचा हप्ता चुकता करावा.