आजार घशाचा, तपासणी दात-कानांची

प्रश्न : वडिलांचे वय ६१. गिळताना दुखते म्हणून दाखवले, तर जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सर आला. ऑपरेशन नाही, सात आठवडे रेडिएशन आणि जोडीला केमो, असे ठरले आहे. पण ते लगेच सुरू करायचे सोडून आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवले. त्यांनी चार दाढा काढायला सांगितल्या. वर कानाची तपासणी लिहून दिली. आजार घशात, मग दात-कान कशाला? यात दोन-अडीच आठवडे जाणार. तेवढ्यात आजार वाढला तर? वडिलांना आम्ही अजून 'गाठ आहे' एवढेच सांगितले आहे.
– एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : दाढांपासून सुरुवात करतो, कारण तुमचा राग तिथे जास्त दिसतो.

जिभेच्या मुळाशी रेडिएशन द्यायचे तर किरणांच्या वाटेत खालचा जबडा आणि लाळेच्या ग्रंथी येतात. कितीही नेमके यंत्र असले तरी त्यांना थोडाफार मार बसतोच. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि दात धुवून काढण्याचे, आम्ल मारण्याचे काम ती गुपचूप करत असते. ती आटली की दात भराभर किडतात. दुसरीकडे, किरण बसलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. आता काढलेल्या दाढेची जखम पंधरा दिवसांत भरून येईल. तीच दाढ रेडिएशननंतर काढली तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधी हाड उघडे पडून कुजू लागते आणि मग जबड्याचेच ऑपरेशन करायची पाळी येते. म्हणून ज्या दाढांचा भरवसा नाही त्या आधीच काढायच्या, जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे, हा जगभरचा रिवाज आहे. उरलेले दात साफ करून घ्या आणि रोज लावायचे फ्लोराइड जेल लिहून मागा.

कानाचा संबंध केमोशी. रेडिएशनच्या जोडीला बहुतेक वेळा सिसप्लॅटिन देतात. हे प्लॅटिनम धातूचे औषध. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ अमेरिकेत जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. त्यांना दिसले की जिवाणूंची वाढ होते, पण ते दुभंगून दोनाचे चार होत नाहीत. कारण शोधता शोधता कळले की करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या संयुगांची होती. पेशी दुभंगू न देणारे औषध कॅन्सरवर चालेल हे उघडच होते, आणि १९७८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध जुने, स्वस्त आणि आजही कामाचे. पण ते मूत्रपिंडाला आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशींना त्रास देते. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि गेलेले ऐकू येणे सहसा परत येत नाही. वडिलांना आधीच कमी ऐकू येत असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर डॉक्टर औषध किंवा त्याची मात्रा बदलतील. ते ठरवायला आजची नोंद हातात हवी.

आता आजार वाढण्याची भीती. ती खोटी नाही. 'आधी पाहुण्यांनी सांगितलेल्या वैद्याकडे जाऊन येऊ' म्हणून दोन महिने घालवणारी घरे असतात, आणि तो उशीर खरोखर महागात पडतो. तुमचे आठवडे तसे नाहीत. या दिवसांत सीटी स्कॅन होईल, चेहऱ्याचा मास्क बनेल, मज्जारज्जू आणि लाळग्रंथी वाचवून किरण कुठून किती सोडायचे याचा हिशेब भौतिकतज्ज्ञ मांडतील. शिवाय सुरू होण्याआधीच्या चार दिवसांपेक्षा सुरू झाल्यावर मध्येच पडलेला खंड जास्त घातक असतो. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार अर्धवट थांबले की उरलेल्या पेशी जोमाने वाढू लागतात. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, साधारण ३५ वेळा. चौथ्या आठवड्यात दाढ ठणकून तोंड सुजले आणि मशीनवर जाता आले नाही, तर आज वाचवलेले पंधरा दिवस काय कामाचे?

घरची सगळी तयारी याच एका गोष्टीसाठी करा : ३५ च्या ३५ वेळा वडील मशीनवर पोचले पाहिजेत.

त्यात जेवण पहिले. मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळीदार शीट. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्या-खांद्यांवर बसवतात, ती थंड होऊन कडक होते आणि रोज डोके नेमके त्याच जागी धरून ठेवते. वजन उतरले की चेहरा बारीक होतो, मास्क सैल पडतो, डोके हलते, आणि कधी सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणजे या आजारात वजन टिकवणे हा उपचाराच्या नेमकेपणाचाच भाग आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येईल, चव जाईल. आताच तिखट बंद करून मऊ खिचडी, अंडी, वरण, नाचणीची आंबील, तूप सुरू करा. खाणे अगदीच थांबले तर नाकातून नळी घालायला सांगतील. नळीला नाही म्हणू नका. घरातल्यांना ती शेवटची पायरी वाटते. ती तात्पुरती सोय असते. नळी असली तरी घोट-घोट गिळत राहायचे, नाहीतर गिळण्याचे स्नायू आखडतात.

आणखी एक, डॉक्टर सांगायला विसरतात ते : मास्क बनवायच्या आधी दाढी आणि बहुधा मिशीही काढावी लागते. वाढलेल्या केसांनी मास्कची बसणी बदलते. मिशी हा ज्यांचा मान आहे त्यांना हे त्या टेबलावर अचानक सांगू नये.

तंबाखू, बिडी, मिश्री आजच बंद. किरणांचे काम ऑक्सिजन असलेल्या पेशींवर चांगले होते आणि धूर तोच कमी करतो. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे.

मुंबईलाच जायचे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. परळच्या टाटा मेमोरियलचे मत घ्यायचे तर जरूर घ्या; १९४१ पासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली माणसे तिथे जात आली आहेत, आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोयही अनेकांची होते. पण सात आठवडे मुंबईत काढायचे म्हणजे किमान एक कमावते माणूस तेवढे दिवस अडकणार. तुमच्या शेजारी बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणीही १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वेही उपलब्ध आहेत. माझे मत विचाराल तर मोठ्या ठिकाणी सल्ला आणि जवळच्या ठिकाणी रोजचे रेडिएशन, ही वाटणी शेतकरी घराला झेपते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला आताच भेटा. मंजुरीत जाणारे दिवसही या दोन आठवड्यांतच बसवा. पेरणी, पोळा, पुतणीचे लग्न यांत कोण वडिलांसोबत जाणार ते कागदावर लिहून काढा. फाइल एकाच्याच हातात ठेवा.

राहिले 'गाठ आहे' प्रकरण. संमतीपत्रावर सही वडिलांची लागेल. दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी असेल, आणि रांगेत शेजारी बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत 'तुमचा कॅन्सर कुठला?' असे विचारेल. त्यांना अंदाज आलेलाच आहे. आपल्या माणसांना जड जाऊ नये म्हणून तेही गप्प असतील. आणि हे सगळे कशासाठी चालले आहे हे ज्याला माहीत नाही, तो चौथ्या आठवड्यात, घास गिळेना म्हणजे, 'पुरे झाले, घरी चला' म्हणणारच. मग त्यांना काय म्हणून थांबवाल? आधी विचारा, 'अण्णा, तुम्हाला काय वाटते, काय झाले असेल?' ते जितके विचारतील तितके सांगा. किती दिवस, किती त्रास, काय हाताशी येणार, हे डॉक्टरांकडूनच त्यांच्यासमोर वदवून घ्या. घरातल्या एखाद्या काकांना हे पटणार नाही. काकांना बाहेर चहाला पाठवा.

आणि दाढांबद्दल शेवटचे. उपचार संपले म्हणजे जबड्याची काळजी संपत नाही; हाडाचा धोका आयुष्यभर राहतो. किती रेडिएशन कुठे दिले त्याचा कागद उपचारांनंतर मागून घ्या. दहा वर्षांनी तालुक्याच्या गावी एखादा दात काढायचा झाला, तरी खुर्चीत बसण्याआधी तो दंतवैद्याच्या हातात द्या.